वाहकाची भौतिक स्थिती कायम असताना

होळी अजून दूर असते, पण दुपारी पंखा लावायचा की नाही यावरून घराघरांत कुरबुर सुरू होते, तेव्हा नागपुरात प्रॅक्टिकलचे दिवस येतात. सकाळी सातला स्वेटर घालून आलेली मुलं बारा वाजता तोच कमरेला बांधून घरी जातात. गाड्यांवरच्या संत्र्यांची साल सुटलेली असते. कूलर दुरुस्त करणारे रस्त्याच्या कडेला पत्रे ठोकत बसतात. आणि प्रयोगशाळेतल्या लाकडी पेट्या एकदम सगळ्या उघडल्या की वार्निश, काळं पडलेलं पितळ आणि जुनं रबर असा मिळून एक वास खोलीभर पसरतो. माझ्या सहकाऱ्यांना त्याने शिंका येतात. माझ्या घशाला कोरड पडते. गेली सव्वीस वर्षं पडते आहे. का पडते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. खरं सांगायचं तर नियम आणि व्याख्या पाठ करून घेतो. ओहमचा नियम घ्या. मुलं सुसाट सुटतात : विद्युतधारा ही विभवांतराशी समानुपाती असते. मी हात वर करून थांबवतो. आधी काय? मग कुणीतरी पुटपुटतं, ‘वाहकाची भौतिक स्थिती कायम असताना.’ हे पाच शब्द गाळले की मी अर्धा गुण कापतो. नियम मागाहून, अट आधी, असं मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. तार तापली, ताणली गेली, बदलली, की नियम तोच राहतो पण आकडा तो राहत नाही. वर्गात मी हे फार ठासून सांगतो. मुलांना वाटतं, सरांना या विषयाचं प्रेम आहे.

आता बाहेरच्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या प्रयोगशाळेत एक आलमारी होती, आणि तिच्या दाराच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेला एक कागद. त्यावर निळ्या शाईत प्रत्येक संचाचं उत्तर. अमुक भिंगाचं नाभीय अंतर इतकं, अमुक स्प्रिंगचा स्थिरांक इतका, मीटर ब्रिज या रोध मोजायच्या उपकरणाच्या चौथ्या संचातला अज्ञात रोध पाच पॉइंट दोन ओहम. कागद शिक्षकांसाठी होता, पण परीक्षेच्या दिवशी तो चालत टेबलांपर्यंत जायचा. प्रयोगशाळेचे परिचर देवरावजी हातात फडकं घेऊन टेबल पुसत फिरायचे आणि मुलांच्या कानाशी आकडा ठेवून पुढे सरकायचे. मग मुलं उत्तराकडून उलटी चालत यायची. आधी उत्तर, मग त्याला बसतील अशी निरीक्षणं, मग उगाच एखादी दशांशाची चूक, खरी वाटावी म्हणून. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. प्रॅक्टिकलचे गुण सगळ्यांनाच मिळतात, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. मीही असाच पास झालो होतो.

त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांचा होतो. ताशिकेवर होतो, म्हणजे जितके तास तितका पगार आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याची खात्री नाही. कायम जागा निघणार अशी हवा होती. विभागप्रमुखांनी मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, ‘‘प्रॅक्टिकल सुरळीत पार पाडा. बाकी मी पाहून घेईन.’’ जानेवारीत कुणीतरी चौथ्या संचातली अज्ञात रोधाची गुंडाळी सरळ बॅटरीला जोडली आणि ती जळाली. मी एका दुपारी बसून तिच्या जागी दुसरी नायक्रोमची तार गुंडाळली, टोकं डाग देऊन पक्की केली, वर वार्निश फिरवलं. मोजून कागदावर नवा आकडा लिहायचा होता. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली. तार बदलली, कागद तसाच राहिला. एवढंच झालं होतं. इथपर्यंत तो नुसता विसर होता, आणि विसरण्यासाठी कुणी कुणाला फासावर देत नाही.

परीक्षेच्या पहिल्या दोन तुकड्यांत चौथा संच ज्यांना आला, त्या सगळ्यांचं उत्तर पाच पॉइंट दोन आलं. त्या तारेतून ते येणं शक्य नव्हतं. तरी आलं. मी वह्यांवर सह्या केल्या.

तिसऱ्या तुकडीत चौथ्या संचाची चिठ्ठी प्रज्ञाला निघाली. वाडीहून यायची. वडील तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे इंग्रजी वाक्य बोलायच्या आधी एक क्षण थांबायची, पायरी चाचपडल्यासारखी. हात मात्र स्थिर. जॉकी, म्हणजे तारेवर टेकवायची धातूची टोचणी, खाली आणताना श्वास रोखायची. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की टेकवलेला हात तसाच ठेवून डोळा बरोबर वर नेऊन वाचायची, तिरकं नाही. असं वाचायला मीच शिकवलं होतं, पण तसं वाचणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहत होतो.

देवरावजी फडकं घेऊन तिच्यापाशी थबकले.

‘‘पाच पॉइंट दोन लिही वं बाई.’’

‘‘येऊनच नाही राहिलं जी. सात पॉइंट चार येऊन राहिलं.’’

‘‘येऊन नाही राहिलं तं आण.’’

‘‘कुठून आणू?’’

देवरावजी हसले. ‘‘बाप्पा! सगळ्यांनी जिथून आणलं तिथून आण.’’

तिने नाही आणलं. रोध सहा घेऊन पाहिला, सात घेऊन पाहिला, आठ घेऊन पाहिला. दोन्ही बाजू अदलाबदल करून पाहिल्या. प्रत्येक वेळी सात पॉइंट चारच्या आसपास. तेच तिने लिहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक, ज्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणतो, ते पन्नाशीचे होते. दुपारचं जेवण झालेलं, पानही झालेलं. आलमारीच्या कागदावरचे आकडे त्यांनी उतरवून घेतले होते. तिची वही पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

‘‘स्टेट ओहम्स लॉ.’’

ती मराठीत सुरू झाली. ‘‘वाहकाची भौतिक स्थिती कायम असताना...’’

‘‘इंग्लिश.’’

ती थांबली. मग अडखळत पण पूर्ण सांगितलं, अटीसकट. त्या दिवशी अट सांगणारी ती एकटी होती.

‘‘पाठांतर बरं आहे. हे रीडिंग कोणाचं?’’

‘‘माझं, सर.’’

‘‘खोटं बोलू नको. चौथ्या संचाचं उत्तर हे नाही. दुसऱ्या संचाचं सात पॉइंट काहीतरी आहे. बाजूच्याचं उचललंस ना?’’

‘‘नाही सर. मी तीनदा मोजलं.’’

‘‘सगळी मुलं चूक आणि तू बरोबर?’’

ती गप्प राहिली नाही, हे मला आज सांगायचं आहे. ती म्हणाली, ‘‘सर, तुम्ही मोजून पाहा न.’’ आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या खुर्चीच्या मागे, हाताच्या अंतरावर, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून उभा होतो.

मला त्याच क्षणी आठवलं. जानेवारीतली दुपार, डाग देतानाचा धूर, चहाची हाक. सगळं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं : सर, ती गुंडाळी मी बदलली आहे. सहा शब्द. त्यापाठोपाठ जे निघालं असतं तेही मला त्याच क्षणी दिसलं. मग आधीच्या तुकड्यांचं पाच पॉइंट दोन कुठून आलं? देवरावजी कुठे फिरत होते? सह्या कुणी केल्या? कायम जागा दिसली. विभागप्रमुखांचा चेहरा दिसला. मी गठ्ठ्याची कड नखाने सरळ करत राहिलो.

आणि आणखी एक गोष्ट. ही लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. माझ्या मनात तेव्हा आलं, हिचं काय अडतं, हिला सवलत आहेच. असं शब्दशः आलं. मुलगी बौद्ध घरातली आहे हे मला तिच्या आडनावावरून माहीत होतं, आणि ती माहिती मी त्या क्षणी खिशातून काढून वापरली, स्वतःला हलकं करायला. तिच्या हातात अजून जॉकी होती आणि मी तिच्यावरच्या अन्यायाची भरपाई सरकारकडे सोपवून मोकळा झालो.

एक्स्टर्नलनी तिला पास होण्यापुरते गुण दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात नक्कल केल्याचा संशय लिहिला. खाली दोघांच्या सह्या लागतात. दुसरी माझी.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मीटर ब्रिजवर ती तार मोजली. सात पॉइंट चार. मग आलमारी उघडून कागदावरचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. दुसऱ्या दिवशीच्या तुकड्यांत चौथा संच ज्यांना आला, त्या सगळ्यांचं उत्तर सात पॉइंट चार आलं. देवरावजी चाणाक्ष माणूस. आकडा बदललेला पाहून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फडकं झटकलं. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी त्यांच्याशी कधी डोळ्याला डोळा भिडवून बोललो नाही.

मापनातल्या त्रुटींचा धडा मी दर वर्षी जूनमध्ये शिकवतो. उपकरणाची त्रुटी, वैयक्तिक त्रुटी, यादृच्छिक त्रुटी. शून्य त्रुटी असली तर ती चिन्हासकट वजा करायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘‘सर, माहीत असून चुकीचं लिहिलं तर ती कोणती त्रुटी?’’ वर्ग हसला. मी म्हटलं, ‘‘ती त्रुटी नाही. पुढे चला.’’

पण त्या वर्षी अजून जून यायचा होता, आणि त्याआधी निकाल. मे सरता सरता, नवतपाच्या उन्हात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं त्या दिवसांत, तिचे वडील कॉलेजात आले. दशरथजी. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, हातात गुणपत्रिका. लेखीत तिला चांगले गुण होते. प्रॅक्टिकलचा आकडा मात्र वेगळा दिसत होता, ओळीत एकटीच बसलेली पोर दिसावी तसा. ते खुर्चीवर बसले नाहीत. मी उभा होतो म्हणून तेही उभे राहिले.

‘‘सर, वर्गातल्या पोरी सांगून राहिल्या की हिनं कापी केली. पोट्टी म्हणते म्या नाही केली. मी अनपढ माणूस. यातलं मले काही समजत नाही. तुम्ही तिचे सर. तुम्ही म्हणान ते आखरी.’’

मी म्हटलं, ‘‘परीक्षेत मुलं घाबरतात. होतं कधी कधी.’’

‘‘म्हंजे केली?’’

बाहेर कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. तिचा आवाज बंद पडेपर्यंत थांबलो असतो तर कदाचित खरं बोललो असतो. मी म्हटलं, ‘‘केली असेल.’’

त्यांनी गुणपत्रिकेची घडी घातली, मग पुन्हा एक घडी, मग ती शर्टाच्या आतल्या खिशात. ‘‘बरं झालं सांगतलं,’’ म्हणाले. ‘‘नाही तं मी तिच्यावरच भरोसा करत बसलो असतो.’’ आणि मला हात जोडून गेले.

परीक्षेच्या दिवशी मी गप्प होतो. या दिवशी बोललो. दोन्हींत फरक आहे, आणि तो मी कितीतरी वर्षं जाणून बुजून पुसट ठेवला.

मला कायम केलं. लग्न झालं, घर झालं, केस गेले. प्रज्ञाला वडिलांनी विज्ञानातून काढलं, असं पुढे कुणाकडून तरी कळलं. मी जास्त विचारलं नाही. मला वाटायचं, मी आतल्या आत पुष्कळ सोसतो आहे. फेब्रुवारीत झोप येत नसे, पित्त उसळे. पण माझ्याच विषयात कार्याची व्याख्या आहे. बल लावलं आणि विस्थापन शून्य असलं, तर झालेलं कार्य शून्य. आम्ही उदाहरण देतो भिंत ढकलणाऱ्या माणसाचं. तो घामाघूम होईल, हात दुखतील, धापा टाकेल. कार्य शून्य. मुलांना हे पटत नाही, ती वाद घालतात, ‘‘सर, पण तो दमला नं!’’ मी त्यांना फळ्यावर सूत्र दाखवतो. माझी सव्वीस वर्षं त्या सूत्रात घालून पाहिली तर उत्तर काय येतं, ते मला कुणी कानात सांगायची गरज नव्हती.

या फेब्रुवारीत मला एक्स्टर्नल म्हणून कळमेश्वरच्या एका कॉलेजात पाठवलं. छोटी प्रयोगशाळा, खिडकीबाहेर पळस पेटलेला. पहिल्याच तुकडीच्या आधी दोन एलिमिनेटर, बॅटरीऐवजी वापरायचे डबे, बंद निघाले. तिथल्या तरुण सरांनी घाईने सांगितलं, ‘‘वाइंडिंगला दिले आहेत सर, येतीलच. इथे एक बाई आहेत, मोटरी भरतात, ट्रान्सफॉर्मर भरतात. त्यांचं काम पक्कं.’’

दहा मिनिटांनी एक बाई दोन्ही काखांत एकेक डबा घेऊन आत आली. चाळिशी पार केलेली, बोटांच्या टोकांना वार्निशचा तपकिरी रंग. डबे टेबलावर ठेवले, खिशातून मल्टीमीटर काढून प्रत्येकाचा दाब दाखवला. मग मान वर करून मला पाहिलं.

‘‘सर! ओळखलं काय? प्रज्ञा. वाडीवाली.’’

मी ओळखलं होतं. ती मीटर वाचताना. डोळा बरोबर वर नेऊन.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

तिने खोलीभर नजर फिरवली. टेबलं, तारा, धास्तावलेली मुलं. तिथल्या सरांकडे पाहून हसली. ‘‘यांच्याच हाताखाली शिकली मी. अन् सर, बरोबर ध्यान ठेवा हं पोट्ट्यांवर. कापी करून राहिलं कोणी तं पकडा. आपल्याले चांगला अनुभव हाय.’’

मुलं हसली. ती मोकळेपणी थट्टा करत होती, आणि त्या थट्टेत माझ्यावर राग नव्हता, हेच मला झेपेना. जाताना दारात थांबून हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही तरी काय करणार होते तेव्हा. तुम्हाले तं काही मालूमच नव्हतं. बिचारे बाजूले उभे होते.’’

त्या दिवशी मी कुणाला काय विचारलं, आठवत नाही. एका मुलीचं उत्तर बाकीच्यांपेक्षा वेगळं आलं तेव्हा मी स्वतः स्टुलावर बसून मोजलं. तिचं चुकलं होतं, जोडणीचं एक टोक ढिलं होतं. घट्ट करून दिलं आणि पुन्हा घ्यायला सांगितलं.

चार वाजता परीक्षा संपली. तिचं दुकान बाजाराच्या टोकाला, बाहेर कूलरच्या मोटरींची रास. आत ती यंत्रावर तार भरत होती, हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला मोजणी करणारं चाक टकटक करत होतं. मला पाहून तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

‘‘बसा सर. चहा सांगू?’’

‘‘नको. मला एक सांगायचं आहे. तुझं रीडिंग बरोबर होतं.’’

टकटक चालूच राहिली. ‘‘कोणतं?’’ तिने विचारलं, पण तिला कळलं होतं, कारण हँडलचा वेग कमी झाला.

मी सांगितलं. जानेवारीपासून सांगितलं. गुंडाळी, कागद, खुर्चीच्या मागे उभा होतो ते, संध्याकाळी आकडा बदलला ते. सवलतीचं मनात आलं होतं तेही सांगितलं. मग निकालानंतरचं. तिचे वडील आले होते, आणि मी काय बोललो. आवाज मधेच फुटला, पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तिला माझी दया आली असती आणि मी ती घेतली असती.

हँडल थांबलं होतं. तिने सुटलेलं तारेचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

‘‘मी किती वर्षं विचार केला सर,’’ ती म्हणाली. ‘‘जॉकी तिरपी धरली असन. टोकं घासली नसन. खरंच माह्या नजरेत काही खोट असन. मोटर भरते तं तीन तीनदा मोजते मी. नवरा हसते माह्यावर. म्हणते, एवढं काहून मोजत राहतं वं?’’

मी काहीतरी म्हणायला गेलो.

‘‘थांबा. वळसे विसरली मी. आता पहिल्यापासून भरा लागन.’’ तिने यंत्रावरची सगळी तार उलगडून काढली. शांतपणे, घाई न करता. काढून झाल्यावर उठली, दिव्याचं बटण बंद केलं. ‘‘चला.’’

‘‘कुठे?’’

‘‘वाडीले. बाबाकडे.’’

‘‘आत्ता?’’

‘‘आत्ताच. उद्या तुमची हिंमत राहीन का नाही, काय मालूम.’’

माझ्याच गाडीने निघालो. उतरतं ऊन बाजूच्या काचेवर, दोन्हीकडे पळस. फेब्रुवारीतला हा रस्ता मला आवडतो, एरवी मी गाडी हळू करतो. आज हळू करायची भीती वाटत होती. ती हातांची घडी घालून समोर पाहत होती. मग तिने विचारलं, ‘‘तेव्हा बोलले असते तं काय झालं असतं?’’

‘‘नोकरी गेली असती. कदाचित.’’

‘‘अन् आता?’’

‘‘आता काही जाणार नाही.’’

‘‘हां,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणूनच निघालं तोंडातून.’’

पुढे ट्रकांची रांग लागली. डिझेलच्या धुरात आम्ही इंच इंच सरकत होतो आणि मला लाज वाटेल असा एक विचार येत होता, की ही रांग सुटूच नये. न्यूटनचा पहिला नियम मी इतक्या वर्षांत हजारदा सांगितला असेल : बाहेरून बल लागेपर्यंत वस्तू आहे त्या स्थितीत राहते. वर्गात मी त्याला जडत्व म्हणतो. जडत्व हा वस्तूचा गुणधर्म आहे, दोष नाही, असंही म्हणतो. दगडाच्या बाबतीत ते खरं आहे.

दशरथजी आत, दाराजवळच्या खाटेवर बसले होते. पाठीत वाकलेले, पण हमालाचे खांदे अजून तसेच रुंद. आतल्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला ताजा हार. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. ओळखल्यावर ते उठायला लागले.

‘‘जयभीम सर! तुम्ही? आमच्या घरी? पोरी, चहा ठेव वं.’’

‘‘चहा मागाहून,’’ ती चौकटीला टेकून म्हणाली. ‘‘पहिले सर काय म्हणते ते ऐका.’’

मी खाली, त्यांच्या पायाशी असलेल्या चटईवर बसलो. ते ‘‘अरे, वर बसा, वर बसा’’ म्हणत राहिले. मी सांगायला लागलो तेव्हा ते थांबले. दुसऱ्यांदा सांगताना वाक्यं छोटी झाली. त्यांनी मधे अडवलं नाही. सगळं झाल्यावर, माल उतरवून घेताना एकेक पोतं तपासावं तसे प्रश्न विचारले.

‘‘म्हंजे तुमच्या आलमारीतला कागद खोटा होता?’’

‘‘हो.’’

‘‘अन् पोट्टी सही होती?’’

‘‘हो.’’

‘‘हे तुम्हाले मालूम कधी पडलं?’’

‘‘तेव्हाच. परीक्षा चालू होती तेव्हाच.’’

‘‘मंग मी कॉलेजात आलो होतो तुमच्याकडं, दुपारी...’’

‘‘तेव्हा मला माहीत होतं.’’

ते माझ्याकडे पाहत होते, पण रागाने नाही. जणू समोरची वस्तू किती जड आहे याचा अंदाज घेत होते. मग त्यांनी नजर वळवली. दारातल्या लेकीकडेही नाही, आपल्या उजव्या हाताकडे. तो हात त्यांनी मांडीवर पालथा ठेवला.

‘‘मी तिथून घरी आलो,’’ ते म्हणाले. ‘‘ही भाकरी करून राहिली होती. मी इच्यारलं नाही काही. हात उचलला. जवान पोरगी. तिच्या माय-आज्यानं कधी बोट नाही लावलं तिले. मीही नव्हतं लावलं.’’ श्वास घेतला. ‘‘तुमच्या भरोशावर उचलला, सर.’’

हे तिने दुकानात मला सांगितलं नव्हतं. गाडीतही नाही. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती बापाकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला होता.

‘‘मी माफी मागायला...’’ मी सुरुवात केली.

‘‘बस झालं सर,’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘तुमचं सांगून झालं. तुम्ही जा आता.’’

मी उठलो. दशरथजींनी वर पाहिलं नाही. मी चौकट ओलांडताना ती आत सरकली, खाटेजवळ खाली बसली आणि मागे हात करून दार लोटलं.

गाडीपाशी मी उभा राहिलो. गोदामांकडून ट्रक मागे घेणाऱ्या पोरांच्या आरोळ्या येत होत्या, कुणाच्या तरी गॅलरीत कूलर धुणं चाललं होतं. दाराआडून आधी काही ऐकू आलं नाही. मग दशरथजींचा आवाज आला, जड, तुटक. शब्द लागत नव्हते. त्यावर तिचा आवाज, चढा, भांडल्यासारखा. मग पुन्हा त्यांचा. मग दोघांचे एकदम.

कुणीतरी मला हाक मारेल असं माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात होतं. कुणी मारली नाही. ते दोघं बोलत होते, आणि त्या बोलण्यात माझं काही काम नव्हतं.